रिंग रोडचं पिकलबॉल कोर्ट: सचिवपदाच्या उमेदवाराचा अभिप्राय

सुरुवातीलाच सांगून टाकते. इंदूरच्या आमच्या पिकलबॉल मंडळाची (पिकलबॉल म्हणजे छोट्या कोर्टावर बॅटीने नेटवरून प्लॅस्टिकचा बॉल मारायचा खेळ) पहिली निवडणूक पुढच्या महिन्यात आहे आणि मी सचिवपदाला उभी आहे. रिंग रोडजवळचं हे कोर्ट मंडळाने वर्षभराच्या कराराने घ्यावं का, आणि घेतलं तर कुठल्या अटींवर, हा या निवडणुकीतला सगळ्यात मोठा प्रश्न आहे. तेव्हा हा अभिप्राय तटस्थ माणसाचा नाही, हे ध्यानात ठेवून वाचा. मात्र कोर्ट मी स्वतः टेप लावून मोजलंय, उन्हात खेळलेय, दिव्याखाली खेळलेय, आणि इथे लिहिलेलं सगळं कुणीही जाऊन तपासून पाहावं.

आधी जमीन. पूर्वी इथे बॉक्स क्रिकेट चालायचं. पिकलबॉलची हवा आली तशी काही टर्फवाल्यांनी नकली हिरवळीवरच पांढऱ्या पट्ट्या मारल्या, मध्ये जाळी बांधली आणि तासाचे पैसे घ्यायला सुरुवात केली. अशा ठिकाणी जाऊच नका. या खेळाचा बॉल प्लॅस्टिकचा, पोकळ, भोकं पाडलेला, वजनाला जेमतेम पंचवीस ग्रॅम. हिरवळीवर तो उसळत नाही, पडल्या जागी मरतो. आणि पिकलबॉलमध्ये सर्व्हिसचा बॉल एकदा टप्पा घेऊ द्यावाच लागतो, तो परत आला की तिकडूनही एकदा टप्पा घेऊ द्यावा लागतो, त्यानंतरच हवेतल्या हवेत मारायची मुभा. टप्पाच मिळाला नाही तर पुढे खेळायचं काय? इथल्या मालकांनी हिरवळ पूर्ण उपटली, खाली काँक्रीट ओतलं आणि वर अॅक्रिलिकचे थर दिले. खर्चाचं काम होतं, त्यांनी ते टाळलं नाही. याचे त्यांना पूर्ण गुण.

मी शाळेत पी.टी. शिकवण्यात नोकरी घालवली आणि त्याआधी मातीत खो-खो खेळले, त्यामुळे पायाखाली काय आहे याकडे माझं लक्ष आधी जातं. खो-खो मातीतून मॅटवर गेला तेव्हा आमच्या पिढीने नाकं मुरडली होती. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक मॅटवरच झाला आणि पुरुष, महिला दोन्ही गटांत भारत जिंकला. पुढे जायचं असेल तर खेळाला नीट जमीन लागते, यावर माझा ठाम विश्वास आहे. इथलं अॅक्रिलिक चांगलं आहे. ना घसरतं, ना पाय धरून ठेवतं. फक्त इथल्या चार कोर्टांपैकी तीन नंबरच्या कोर्टावर मागच्या कोपऱ्यात खोलगा आहे. टेनिसवाल्यांची एक जुनी पद्धत आहे: पाऊस थांबून ऊन पडल्यावर तासाभराने साचलेल्या पाण्यात नाणं आडवं ठेवायचं, नाणं बुडलं तर तिथे दुरुस्ती हवी. इथे रुपयाचं नाणं पूर्ण बुडालं. मालकांना दाखवलं, त्यांनी मोबाइलवर फोटो काढून ठेकेदाराला पाठवला. करारावर सही व्हायच्या आत तो कोपरा भरून मिळाला पाहिजे.

आता मापं. कोर्ट ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद असावं लागतं. बॅडमिंटनच्या डबल्सचं कोर्ट नेमकं तेवढंच, आणि त्याला कारण आहे. १९६५ साली अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि त्यांच्या मित्रांनी हा खेळ सुरू केला तो घरच्या बॅडमिंटन कोर्टावरच, टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकांचा बॉल घेऊन. इथल्या चारही कोर्टांची लांबी-रुंदी बरोबर आहे. नेटपासून सात फुटांवर जी रेषा असते, जिच्या आत उभं राहून हवेतला बॉल मारता येत नाही आणि त्या भागाला सगळे किचन म्हणतात, ती तीन कोर्टांवर चोख आहे. चौथ्यावर एका बाजूला दोन इंच कमी भरते. रोजच्या खेळात हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. स्पर्धा घ्यायची म्हटली तर मात्र पहिला वाद तिथेच होईल.

त्याहून मोठी अडचण कोर्टाबाहेरच्या मोकळ्या जागेची आहे. आखलेल्या रेषांसकट एकूण ३० बाय ६० फूट जागा किमान लागते, ३४ बाय ६४ असेल तर उत्तम. एक आणि दोन नंबरला भरपूर जागा आहे. तीन आणि चार उरलेल्या तुकड्यात आडवी बसवलीत, तिथे मागची तारेची जाळी फार जवळ येते. समोरच्याने डोक्यावरून उंच बॉल टाकला की माणूस बॉलवर नजर ठेवून उलट्या पावली मागे धावतो. पन्नाशीपुढच्या खेळाडूंची मनगटं मोडतात ती अशीच. मी सगळ्यांना एकच सांगते: आधी वळा, मग धावा, आणि बॉल हातचा गेला तर जाऊ द्या. पण मागे तारेची जाळी असेल तर वळूनही उपयोग नाही. तिला आतून जाड फोमची गादी लावून घ्यायला हवी. मालक म्हणाले, बघतो. हे ‘बघतो’ मला कागदावर हवंय.

तीन-चार नंबरची कोर्टं आडवी बसवल्याचा आणखी एक त्रास: ती पूर्व-पश्चिम झालीत. उघड्यावरचं कोर्ट शक्यतो उत्तर-दक्षिण असावं, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन थेट डोळ्यात येत नाही. इथे सकाळी साडेसहानंतर पश्चिमेकडच्या जोडीला सर्व्हिस दिसतच नाही. टोपी घाला, आणि सहा-सहा गुणांनंतर बाजू बदला.

नेटबद्दल मात्र जरा थांबून लिहिते, कारण या कोर्टावर काम करणारा मुलगा किती चांगला आहे ते त्यात कळतं. पिकलबॉलची नेट दोन्ही टोकांना ३६ इंच असते आणि मधोमध ३४. मधला पट्टा सैल झाला की ती लोंबते, नाहीतर कुणीतरी वरची दोरी करकचून ओढतं आणि ती मध्येही ३६ होते. तीन नंबरची नेट मी मोजली तेव्हा मध्ये ३२ भरली. दोन इंच म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण या खेळाचं सगळं कसब किचनच्या रेषेवर उभं राहून अलगद, नेटच्या जेमतेम वरून बॉल पलीकडे सोडण्यात आहे. नेट खाली आली की तेच बॉल जोरात आपटता येतात आणि नवीन मुलं फक्त आपटायला शिकतात. मी त्या मुलाला म्हटलं, बेटा, रोज टेपने मोजत बसशील का? तो म्हणाला, ‘मॅडम, आप एक बार नाप बता दो, बाकी मेरे पे छोड़ दो.’ दुसऱ्या दिवशी त्याने एक लाकडी पट्टी कापून आणली होती. बरोबर ३६ इंचांची, आणि ३४ वर लाल रंगाची आडवी रेघ. चारही कोर्टांच्या खांबांना आता अशी एकेक पट्टी टांगलेली आहे. सकाळी कोर्ट उघडलं की आधी तो टोकाला पट्टी लावतो, मग मध्ये, पट्ट्याचं बकल एखादं भोक पुढे-मागे करतो आणि मगच झाडू हातात घेतो. त्याला कुणी सांगितलेलं नाही, पगारही त्यासाठी मिळत नाही.

दिवे ठीक आहेत. पाणी थंड मिळतं. बायकांसाठी वेगळी स्वच्छ खोली आहे, आत कडी लागते, आरसा आहे. ज्यांना हे किरकोळ वाटतं त्यांनी शहरातल्या इतर टर्फवर आपल्या मुलीला पाठवून बघावं. कचऱ्याचे डबे वेगवेगळे ठेवलेत आणि लोक ते पाळतात, इंदूर आहे शेवटी.

भाड्याची पॅडल, म्हणजे या खेळाच्या बॅटी, पन्नास रुपयांना मिळतात. कडा झिजलेल्या आहेत, पण शिकायला चालतील. स्वतःचं घेणार असाल तर लांबी १७ इंचांपेक्षा जास्त नको आणि लांबी-रुंदी मिळून २४ इंचांच्या आत हवी, एवढं बघून घ्या. बॉलच्या बाबतीत इथे गडबड आहे. बाहेरच्या कोर्टासाठी बारीक ४० भोकांचा बॉल असतो, बंदिस्त हॉलसाठी मोठ्या २६ भोकांचा. इथे पेटीत दोन्ही मिसळलेले असतात. मे-जूनच्या वाऱ्यात २६ भोकांचा बॉल हवेतच बाजूला सरकतो आणि माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. घेताना भोकं बघा, आणि बॉल बोटांवर फिरवून तडा आहे का तेही बघा. तडा गेलेल्या बॉलचा आवाजही बसका येतो.

आवाजावरून आठवलं. प्लॅस्टिकचा बॉल कडक पॅडलवर बसतो तेव्हा टक् टक् असा जो आवाज होतो तो शांत सकाळी लांबवर जातो. मागच्या गल्लीतल्या रहिवाशांनी तक्रार केली, तेव्हा मालकांनी सकाळची वेळ साडेपाचवरून सहावर आणली. आमच्यातले काही जण चिडले. मी मालकांच्या बाजूने आहे. शेजारी वैतागले तर कोर्टच बंद पडेल, मग साडेपाचही नाहीत आणि सहाही नाहीत. सचिव झाले तर त्या गल्लीतल्या लोकांना एका रविवारी खेळायला बोलवायचं माझ्या मनात आहे.

आता बुकिंग. इथे माझं या कोर्टाशी पटत नाही, आणि आमच्या मंडळातल्या काही जणांशीही पटत नाही.

बुकिंग अॅपवर होतं. रात्री बारा वाजता एक नवा दिवस उघडतो आणि सकाळी सहा ते आठच्या वेळा काही मिनिटांत संपतात, कारण ठरलेले चार-पाच गट त्यासाठी जागे असतात. सकाळी तासाला ६०० रुपये, संध्याकाळी ९००. चार माणसं एक कोर्ट घेतात, तासभर आपापसात खेळतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच चार. पैसे भरून घेतलंय, त्यात गैर काहीच नाही. पण नव्या माणसाने शिरायचं कुठून?

लोकमान्य नगरातलं एक जोडपं आलं होतं. काका तरुणपणी टेबल टेनिस खेळायचे, काकूंनी आयुष्यात कधी हातात बॅट धरली नव्हती. ऑनलाइन पॅडलची जोडी मागवली होती, त्यावरचं प्लॅस्टिकही काढलेलं नव्हतं. काउंटरवर उत्तर मिळालं, ‘अंकल, स्लॉट तो फुल है.’ दोघं तारेच्या जाळीला टेकून आमचा खेळ बघत उभे राहिले. चार नंबरच्या गटाला त्या दिवशी ऑफिसची घाई होती, ते वीस मिनिटं आधीच निघाले. कोर्ट रिकामं झालं, तरी यांना आत सोडलं नाही, कारण बुकिंग दुसऱ्याच्या नावावर होतं. मी काकूंना आमच्या कोर्टावर घेतलं, माझी जागा दिली. त्या तीन सर्व्हिस चुकल्या, चौथी बरोबर तिरकी पलीकडच्या चौकोनात पडली आणि त्या एवढ्या मोठ्याने हसल्या की शेजारच्या कोर्टावरचा खेळ थांबला. हा खेळ पंधरा मिनिटांत जमायला लागतो, म्हणूनच तो वाढतोय. आणि त्या पंधरा मिनिटांचीच सोय आमच्याकडे नाही.

यावर उपाय अमेरिकेत केव्हाचा रुळलेला आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. कोर्टाच्या दाराशी एक लांब फळी किंवा रॅक लावायचा. येणाऱ्याने आपलं पॅडल रांगेत ठेवायचं. एक गेम ११ गुणांचा, दोनच्या फरकाने जिंकायचा, साधारण पंधरा मिनिटं. गेम संपला की चौघं बाहेर, रांगेतली पुढची चार पॅडल आत. परत खेळायचं असेल तर आपलं पॅडल रांगेच्या शेवटी. कोण कुणाच्या ओळखीचा, कुणाचा हुद्दा काय, काही चालत नाही.

मालकांशी बोलून एक आणि दोन नंबरची कोर्टं आठवड्यातून एका सकाळी मी अशी करून घेतली. कॉलेजच्या मुली आल्या, सुदामा नगरातल्या बायका आल्या, रामबागेतले एक निवृत्त बँक मॅनेजर आले, आणि एक दहावीतला मुलगा आला तो सगळ्यांना भारी पडला. त्याने बँक मॅनेजरांना डबल्सचे गुण कसे पुकारायचे ते शिकवलं: आधी आपले, मग त्यांचे, मग सर्व्हिस करणारा पहिला की दुसरा. गेम सुरू होताना ‘शून्य-शून्य-दोन’ का म्हणतात हे त्यांना पटेना. सुरुवात करणाऱ्या बाजूला एकाच सर्व्हरची संधी मिळते आणि तोच दुसरा धरला जातो म्हणून, हे त्याने पट्टीने जमिनीवर आकृती काढून समजावलं. खेळ झाल्यावर सगळे मिळून पोहे खायला गेले.

हिशेब मांडून बघा. चारही कोर्टं सकाळी दोन तास घेतली तर ४,८०० रुपये होतात. बत्तीस जण आले तर माणशी १५०. चौघांत एक कोर्ट तासाला घेतलं तरी माणशी १५०च पडतात. म्हणजे मालकांचा एक रुपया कमी होत नाही आणि बुकिंग नसलेल्या नव्या माणसालाही खेळता येतं. थोडी वाट बघावी लागते, पण तेवढ्यात ओळखी होतात.

आमचे विद्यमान संयोजक अध्यक्षपदाला उभे आहेत आणि त्यांचं पॅनेल वार्षिक कराराच्या बाजूने आहे: सकाळी सहा ते आठ चारही कोर्टं मंडळाची, फक्त सभासदांसाठी, गट ठरलेले. त्यांचा मुद्दा असा की सगळ्यांना मिसळून खेळवलं तर स्पर्धेची तयारी करणाऱ्यांचा वेळ वाया जातो. हा आक्षेप खरा आहे. राज्यपातळीवर जायचं असेल तर तोडीचा जोडीदार आणि ठरलेली वेळ लागतेच. म्हणून माझं म्हणणं असं की दोन कोर्टं गटांना द्या, दोन रांगेला, आणि रांगा दोन करा, एक शिकणाऱ्यांची, एक मुरलेल्यांची. ‘फक्त सभासद’ हे कलम मात्र मला मान्य नाही. बाहेरच्याला खेळू दिलं नाही तर सभासद वाढणार कुठून?

संयोजकांबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि तो प्रचारापुरता नाही. शहरात कुणाला या खेळाचं नाव ठाऊक नव्हतं तेव्हा त्यांनी पदरच्या पैशाने नेट आणली, पार्किंगमध्ये खडूने रेषा आखल्या. आजही वर्गणी त्यांच्याच खात्यावर जाते, बुकिंग त्यांच्याच फोनवरून होतं, आणि पै-पैचा हिशेब ते वहीत ठेवतात. पण एका माणसाच्या भलेपणावर मंडळ किती दिवस चालवायचं? इंदूरकरांना हे वेगळं सांगायला नको. होळकरांच्या आश्रयाने सी. के. नायडू, मुश्ताक अली इथून खेळले, होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. राजाश्रय गेला आणि १९५५ मध्ये तो संघही संपला. त्यानंतर रणजी करंडक मध्य प्रदेशात यायला २०२२ उजाडलं, चंद्रकांत पंडित प्रशिक्षक असताना. मधल्या काळात खेळाडू नव्हते असं नाही.

म्हणून मंडळाची आधी नोंदणी व्हावी. मध्य प्रदेशात १९७३ चा सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम आहे, सात जण मिळून संस्था नोंदवता येते. मग संस्थेच्या नावाने बँकेत खातं, दोघांच्या सह्या, आणि दर तीन महिन्यांनी जमाखर्च याच कोर्टाच्या फलकावर. कोर्टाचा वार्षिक करारही संस्थेच्याच नावाने व्हावा, कुणा एकाच्या नावाने नको. मालकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनाच जास्त बरं वाटलं. उद्या माणूस बदलला तर पैसे कुणाकडे मागायचे हा त्यांचाही प्रश्न आहे.

सचिवाचं आणखी एक काम आहे, जे अजून कुणीच अंगावर घेतलेलं नाही. मुलांचे आई-वडील मला कोर्टावर गाठून विचारतात, मॅडम, कुठल्या संघटनेचं सर्टिफिकेट चालेल? प्रश्न अगदी रास्त आहे. भारतात हा खेळ रुजवला तो मुंबईच्या सुनील वालावलकरांनी, आणि ऑल इंडिया पिकलबॉल असोसिएशन २००८ पासून आहे. पण २०२५ मध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने राष्ट्रीय महासंघ म्हणून मान्यता दिली ती इंडियन पिकलबॉल असोसिएशनला. त्याच वर्षी मुंबईत गौरव नाटेकर आणि आरती पोन्नप्पा नाटेकर यांनी वर्ल्ड पिकलबॉल लीग भरवली, टीव्हीवर खेळ दिसला आणि आमच्याकडे चौकशा वाढल्या. अशा वेळी कुठल्याही स्पर्धेची फी गोळा करण्याआधी ती कोणाच्या मान्यतेने होतेय हे सचिवाने लेखी मागवलं पाहिजे आणि पालकांना ते पत्र दाखवलं पाहिजे. तेवढं मी नक्की करीन.

आणि कार्यकारिणीत बायका हव्यात. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने राष्ट्रीय संघटनांच्या कार्यकारिणीला पंधरा सदस्यांची मर्यादा घातली आणि त्यात किमान चार महिला ठेवल्या. तो कायदा आमच्या एवढ्याशा मंडळाला लागू होत नाही. पण सकाळच्या रांगेत निम्मी पॅडल बायकांची असतात आणि उमेदवारांच्या यादीत मी एकटी आहे. अर्ज भरायची मुदत अजून संपलेली नाही, तेव्हा ज्या मला ‘ताई, तुम्हीच बघा’ म्हणतात त्यांनी स्वतःही अर्ज भरावा. सूचक म्हणून सही करायला मी तयार आहे.

पुन्हा कोर्टाकडे येते. पाचपैकी साडेतीन तारे. जमीन, स्वच्छता आणि तो नेट लावणारा मुलगा यांना पैकीच्या पैकी. एक तारा बुकिंगचा गेला, अर्धा तीन-चार नंबरच्या अपुऱ्या जागेचा. कोपऱ्यातला खोलगा भरला, मागच्या जाळीला गादी लागली आणि दोन कोर्टं रांगेसाठी मोकळी ठेवण्याचं कलम करारात आलं, तर मी स्वतः हा करार मंडळापुढे मांडीन आणि त्याच्या बाजूने बोलेन. हे न करता नुसती स्वस्त दराची ऑफर आली तर विरोधात मत देईन, निवडून आले तरी आणि पडले तरी.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी एक किंवा दोन नंबरचं कोर्ट मागावं. रनिंगचे बूट घालू नका, त्यांचा तळ उंच असतो आणि बाजूला झेप घेताना घोटा मुरगळतो. बॅडमिंटनचे किंवा टेनिसचे सपाट तळाचे बूट चांगले. बॉल स्वतःचे न्या, ४० भोकांचे. उन्हाळ्यात सकाळी साडेसातनंतर खेळू नका. मंडळाच्या सभासदांसाठी: मतदारयादी काउंटरच्या डाव्या हाताच्या फलकावर लावली आहे, नाव नसेल तर वर्गणीची पावती दाखवून या शनिवारपर्यंत घालून घ्या. मतदान कागदी मतपत्रिकेवर, एक नंबरच्या कोर्टावर, सकाळी आठ ते दहा. त्या दिवशी दहानंतर चारही कोर्टं रांगेसाठी खुली आहेत, पैसे मालकांनी माफ केलेत.